सोवळ्यातले मास्क

माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर
४ मार्च २०२१

ती. वन्सं यांस,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल काल पोचलं. मास्क दहा, आवळासुपारीचा डबा एक, आणि ह्यांच्यासाठी कानटोपी एक. वर चौऱ्याऐंशी रुपयांची तिकिटं, आणि आतल्या पावतीवर मास्क नव्वदला एक. वन्सं, तेवढ्यात महिन्याचं तूप आलं असतं. पण तुम्ही तीस वर्षं नर्स होता, तुमच्यापुढे मी काय बोलणार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्रातच भांडून घेते.

कानटोपी घालून हे आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, ताईला मी अजून सहा वर्षांचाच वाटतो.

मास्क मात्र मी दुकानात दिलेले नाहीत. दाल बाजारात ह्यांच्या मुनिमीच्या गादीसमोर दिवसभर पोती उलटतात. पांढरं फडकं दुपारपर्यंत डाळीच्या भुकटीने पिवळं होतं. शिवाय गिऱ्हाईक, पोती वाहणारे पल्लेदार, सगळ्यांची हवा त्याला लागणार, मग तो घरात देवापाशी कसा आणायचा? म्हणून तुमचे मास्क गंगाजळ शिंपडून सोवळ्याच्या वळणीवर ठेवलेत. ह्यांना भुकटीने खोकला येतो, तो आता देवावर उडत नाही. तुमचा मास्क लावून तासभर पूजा छान होते. दुकानासाठी जुन्या धोतराचे चौपदरी शिवून दिलेत, ते रोज धुऊन वाळवते. हे म्हणतात, देवाला सर्दी होत नाही, गिऱ्हाइकांना होते. त्यांचं थट्टेखेरीज चालत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
विमल

जबलपूर
१३ मार्च २०२१

चि. सौ. विमल हिस,
विजयाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. अगं, मास्क मी माझ्या भावासाठी पाठवले, गणपतीसाठी नव्हे. गणपतीला सोंड आहे, त्याचं तो बघून घेईल.

नीट वाच. धोतर कितीही पदरी केलं तरी धोतरच. पाठवलेले मास्क दुकानात लावायचे. आज एक, उद्या दुसरा, आणि वापरलेला कागदी पाकिटात चार दिवस ठेवायचा. पिवळा पडला तर पडू दे. संपले की मी आणखी पाठवीन, माझी पेन्शन तुपासाठी नाही. रमाकांतला खोकला आहे, साठी उलटली आहे, आणि त्या दुकानात शंभर माणसं येतात. इथे पुन्हा केसेस वाढायला लागल्यात.

तुझ्या सोवळ्याला मी आजवर कधी नाव ठेवलं नाही. एवढं मात्र माझं ऐक. काय केलंस ते लिही.

तुझी,
विजयाताई

ग्वाल्हेर
३१ मार्च २०२१

ती. वन्सं यांस,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. काळजी नसावी. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मास्क दुकानात वापरतात, कागदी पाकिटंही केली आहेत. शेठजी थट्टेने म्हणाले की मुनीमजी आता डॉक्टरसाहेब दिसायला लागले. ह्यांनाही ते आवडलेलं दिसतं.

यंदा होळीच्या पुरणपोळ्या मोजक्याच केल्या, खाणारी दोनच तोंडं. पाडव्याला तुमची आठवण निघेलच.

रागावू नये, लोभ धरावा.

आपली,
विमल

जबलपूर
१९ मे २०२१

चि. विमल,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहायला हात गेला आणि मग थांबला. पंचवीस दिवस झाले, अजून तसाच जातो.

इथून गाडी मिळाली नाही, तुझ्याजवळ बसायला कुणी नव्हतं, हे मनातून जात नाही. धाकट्या भावाचं तोंडही मला दिसलं नाही. नर्स होऊन शेकडो माणसांचे डोळे मिटले, आणि त्याच्या वेळी मी जबलपुरात डाळ निवडत बसले होते.

तुला एक विचारायचं आहे. तू तर सगळं मी सांगितलं तसं केलंस. शेठजी डॉक्टरसाहेब म्हणायचे, ते तुझं वाक्य मी इथे दहा जणांना ऐकवलं. मग झालं कसं? मला आता वाटतं, मास्कच नकली होते. ओळखीच्या दुकानात नव्हते म्हणून मी बसस्टँडजवळच्या नव्या दुकानातून घेतले. दहा रुपये कमी पडले म्हणून खूशही झाले. परवा त्या दुकानात जाऊन भांडले. तो म्हणाला की आजी, माल खरा आहे. माझा विश्वास बसत नाही. विमल, मी माझ्या हाताने त्याला नकली वस्तू पाठवली. जेवण जात नाही. शिल्लक असतील तर त्यातला एक पाठव, इथल्या डॉक्टरला दाखवते.

आणि तू इकडे ये. तू एकटी, मी एकटी. पुढची खोली तुझी. जाणं-येणं सुरू झालं की निघ.

तुझी,
विजयाताई

ग्वाल्हेर
२८ मे २०२१

ती. वन्सं,
विमलचा नमस्कार.

मास्क नकली नव्हते. त्या दुकानदाराला तसं सांगा, बिचाऱ्याचा दोष नाही. तुमचाही नाही.

ह्यांनी ते दुकानात एक दिवससुद्धा लावले नाहीत. मी दिले नाहीत. तुमचं पत्र आलं त्या दिवशी वळणीवरून एक काढला होता, उंबऱ्यापर्यंत नेलाही. मग वाटलं, एकदा ओवळा झाला की झाला, आणि पाडवा तोंडावर आला आहे. तो परत टांगला आणि धोतराचा दिला. त्यांनी तोच बांधला आणि ते दुकानात गेले. देवाच्या बाबतीत त्यांनी मला कधी मोडता घातला नाही. तुम्हाला मी खोटं लिहिलं. कागदी पाकिटं खोटी, शेठजींची थट्टाही खोटी. शेठजी तसं काही म्हणाले नव्हते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते घरी बसून रचलं.

पाडव्याच्या आधी दोन पल्लेदारांना ताप आला, मग शेठजींना, मग ह्यांना. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं की चांगला मास्क असता तर. ते म्हणाले, असता तरी सांगता येत नाही. पण वन्सं, मी विचारलं तेच मुळी एवढं ऐकायला मिळावं म्हणून.

दवाखान्यातून ह्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा ह्यांना धाप लागत होती. म्हणाले, मास्कचं ताईला कधीही कळू देऊ नकोस, ती तुला बोलेल आणि मी मध्ये पडायला नसेन. मी हो म्हटलं. चौतीस वर्षांत त्यांचा एवढा एकच शब्द मी मोडते आहे. तुम्ही जेवत नाही असं लिहिलं नसतंत, तर मोडला नसता.

दहातले दोनच वापरले गेले, तेही देवघरात. उरलेले आठ परवा दाल बाजारात नेऊन पल्लेदारांना दिले. एकाने विचारलं, मुनीमजींचे का. मी हो म्हटलं. दुकानासाठी ह्यांना ते दिलेच कुठे होते, म्हणजे तिथेही खोटंच बोलले. त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

पूजा आता मीच करते, उघड्या तोंडाने. वळणी काढून टाकली आहे. देवाजवळ काही मागत नाही, फुलं वाहते आणि उठते.

तुम्ही बोलावलंत ते हे सगळं माहीत नसताना. ते बोलावणं मी धरून बसत नाही. तुमच्या घरात रोज दोन वेळा तुमच्यासमोर ताटावर बसायचं, तर तुम्हाला हे ठाऊक असायला हवं. ये म्हणालात तर येईन आणि तुम्ही जे बोलाल ते ऐकेन. नको म्हणालात तर तेही बरोबरच आहे, मी इथे राहीन. फार लिहू नका, हात दुखतो तुमचा. यावं की न यावं, एवढा एक शब्द उलट टपाली कळवावा.

विमल