डीलियाचा विस्तव

३ ऑक्टोबर १९३३
आले एकदाची माझ्या घरी! वेस्टपोर्ट शहरात लोकांची भांडी घासण्यात उमर गेली, आता स्वतःची चूल. माझ्या नवऱ्याने, मर्टीने, गाढवाच्या गाडीतून ट्रंक उतरवली आणि भिंतीवर थाप मारून सांगितलं की हे दगड आजोबांनी शेतातूनच वेचले आणि आढ्याचं लाकूड दलदलीतून उपसून काढलं. वर नवं काडाचं छप्पर, वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांना दगड टांगलेले. दोन दारं समोरासमोर. ज्या बाजूने वारा येईल ते लावायचं. सासूबाई पेग चुलीशेजारच्या कोनाड्यातल्या पलंगावरून सगळ्यांवर नजर ठेवतात. मला म्हणाल्या, आलीस का पोरी, बरं झालं, पण खांदे अगदीच चिमणीचे गं तुझे, चुलीसाठी टर्फच्या टोपल्या कशा वाहणार? मी हसले. आज मला कशाचाच राग येणार नाही.

९ ऑक्टोबर
डीलिया, डीलिया, डीलिया! मर्टीची पहिली बायको. जाऊन दोन हिवाळे झाले, पण फडताळातल्या निळ्या ताटल्या तिच्या, भिंतीवरचा चुना तिने दिलेला, आणि चुलीतला विस्तवसुद्धा तिचाच. लग्न होऊन आली तेव्हा आईच्या चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात घालून डोंगर ओलांडून आली होती म्हणे. तेव्हापासून हा विस्तव विझलेला नाही. रोज निजण्याआधी मर्टी निखारे राखेखाली झाकतो, सकाळी उकरून वर टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा रचतो. दुपारी आळीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या. त्यातली ब्रिजी म्हणाली, तू काय आणलंस गं माहेराहून, काडेपेटी? सगळ्या खिदळल्या. मीही हसले, पण आतून फार लागलं.

१५ ऑक्टोबर
आज त्याला विस्तव झाकताना नीट पाहिलं. गुडघे टेकून, आजारी लेकरावर पांघरूण ओढावं तशी हलक्या हाताने राख ओढतो. ओठ हलत होते. जवळ गेले. प्रार्थना संपल्यावर म्हणाला, नीज हं डीलिया.
माझ्याशी तो फक्त गाईच्या दुधाबद्दल बोलतो. मला तिचा मत्सर वाटतो. एका मेलेल्या बाईचा! लिहून टाकलं, जरा बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर
मर्टी जनावरांच्या बाजाराला गेला होता, सासूबाईंचा डोळा लागला होता. मी चुलीत पाण्याची बादली ओतली. राख उकिरड्यावर टाकली, चूल पुसून घेतली आणि माझ्या काडेपेटीने माझा विस्तव पेटवला. काय सुरेख ज्वाळा! सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

२४ ऑक्टोबर
ज्वाळा आहेत, ऊब नाही. आत हात घातला तरी चटका बसत नाही. बटाटे टणक, ब्रेड कच्चा. मर्टीला सगळं कळलंय. ओरडला असता तर परवडलं असतं; तो नुसता चुलीपुढे बसून असतो.
सासूबाई म्हणाल्या, ती बिचारी त्या निखाऱ्यांपाशी सुखात होती गं, तुझं काय खात होती? आता ऊब शोधत घरभर फिरेल. जा, तिच्या आईकडून निखारे आण. ज्या हातांनी विझवलं त्याच हातांनी आणायचं, नाहीतर ती तुझ्याकडूनच वसूल करेल.

२५ ऑक्टोबर
गेले. तिच्या आईने भांडं भरून दिलं, वर माझे गारठलेले हात चोळले. परत येताना घरासमोरच्या ओढ्यापाशी पोचले तर मर्टी दाराच्या खालच्या अर्ध्या फळीवर रेलून वाट बघत होता. चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिलाच नव्हता. नजर माझ्यावर नव्हती. भांड्यावर होती.
मी भांडं ओढ्यात उपडं केलं. त्याच्या डोळ्यांदेखत.

२७ ऑक्टोबर
माझे हात गरम झालेत. छातीही. ताप नाही, थंडी वाजत नाही. सासूबाई पलंगावरून उतरून माझ्या पायाशी येऊन बसल्या. मग मर्टीनेही स्टूल ओढलं. माझ्याजवळ! लग्नानंतर पहिल्यांदा. मला हसू आवरेना.

२९ ऑक्टोबर
उठता येत नाही. त्यांनी मला चुलीतल्या दगडावर बसवलंय. शाल करपली. ब्रेडचं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं— फुगला, छान भाजला. सासूबाई म्हणाल्या, अगदी डीलियाच्या हातचा लागतोय.
मला कुणी तुकडासुद्धा दिला नाही.

३० ऑक्टोबर
मर्टीने शेजारी आणखी एक स्टूल मांडलं. कुणीतरी येणार वाटतं— दार उघडलंच नाही. पण तो सरकून बसला. जागा करून दिली—
हात. नुसते हात. ओले, पांढरे, माझ्याकडे पसरलेले—
त्याने ते आपल्या हातांत घेतले. चोळतोय. हसतोय तिच्याकडे बघून. तापतेय मी, आणि ऊब तिला—
कागद तपकिरी होतोय—
माझ्याकडे बघ ना मर्टी. एकदाच—
ती म्हणाली, अजून गार वाटतंय रे. तो लगेच उठला. चिमटा घेऊन येतोय, मला फोडून आतले निखारे वर—