लागण झाली पाहिजे

सोमवार, ४

आलो बुवा एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवताना आरसा तेवढा फुटला. तुमच्याकडे आरशात बघण्यासारखं होतं तरी काय, असं हिनं लगेच सुनावलं. घर लहान, पण कोरडं आहे. मागच्या दारातून डुकरांच्या शेडचं लांबलचक छप्पर दिसतं, समोर मालकीणबाईंचा बंगला. चिमी आत्ताशी महिन्याची. अख्खा प्रवास झोपून काढला आणि पोहोचताच भोकाड पसरलं. तिला जागा पसंत पडली असं आम्ही धरून चाललो आहोत.

मालकीणबाई स्वतः चहा घेऊन आल्या. बोलक्या, हसऱ्या बाई. त्यांच्यामागे त्यांची सून उभी होती, पोट चांगलं पुढे आलेलं. सूनबाईची आधीची दोन्ही बाळं जन्मल्यावर आठवडाभरात जुलाबानं गेली, हे बाईंनीच सांगितलं. या वेळी काही झालं तरी नातवंड जगवायचं आहे, म्हणाल्या. हिनं चिमीला आणखी जवळ घेतलं.

बुधवार, ६

डुकरांचा डॉक्टर म्हणून आज पहिल्यांदा शेड पाहिली. इथल्या मुकादमाला सगळे हवालदार म्हणतात, कारण तो डुकरिणींनाही सलाम ठोकतो. माणूस भला आहे, पण पार थकलेला. रोज बादलीभर मेलेली पिल्लं उचलतो.

हगवण म्हटलं की सगळ्यांना एकच रोग वाटतो. तसं नसतं. जन्मल्यावर दोन-चार दिवसांत पिवळं पाणी सुरू झालं, तर बहुधा घाण आणि गारठा अंगावर आलेला असतो. जागा कोरडी करा, दिवा लावा, वेळेवर औषध द्या, बरीचशी पिल्लं तगतात. आठवडा उलटल्यावर लोण्यासारखं घट्ट पडायला लागलं, तर आतड्यात परजीवी. इथे मात्र लहानमोठी सगळीच एकदम आडवी झालेली. फाटलेल्या दुधाच्या उलट्या, ओल्या शेपट्या, खोल गेलेले डोळे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. हा विषाणू. यावर औषध नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची.

मग तुम्ही कशाला आलात, असं हवालदारानं अगदी अदबीनं विचारलं.

शनिवार, ९

कशाला आलो ते आज दाखवलं. आजारी पिल्लांची आतडी काढून, बारीक करून, गाभण डुकरिणींच्या खाण्यात मिसळली. ऐकायला किळसवाणं आहे, पण विषाणूवर दुसरा इलाज हाताशी नसला की कळप असेच वाचवतात. आईला लागण होते, ती दोन दिवस खाणं सोडते, मग सावरते. पुढे तिच्या दुधातूनच पिल्लांना संरक्षण मिळतं. शेडवर वाटायला काही नव्हतं, तर बाईंनी स्वयंपाकघरातला जुना मिक्सर दिला.

रात्री त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि खोदून खोदून विचारलं. मलाही चेव आला. विष्ठा चालते का? चालते, पण भरवसा आतड्याचा. शिळं चालेल? जुलाब सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसाचं सगळ्यात चांगलं. दुसऱ्या जनावराचं? छे, जात तीच हवी. लागण झाली हे ओळखायचं कसं? आई आजारी पडलीच पाहिजे. नाही पडली तर सगळं फुकट. हिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सूनबाईनं ताट बाजूला सारलं होतं.

शुक्रवार, १५

डुकरिणी ठरल्याप्रमाणे आजारी पडल्या आणि सावरल्या. हवालदारानं आज मलाही सलाम ठोकला. आनंद व्हायला हवा होता. रोज सकाळी आजारी पिल्लं निवडायची, पाय धरायचे, सुरी चालवायची. पहिल्या दिवशी वाईट वाटलं होतं. आता काहीच वाटत नाही. घरी येतो, हात धुतो, जेवतो. चिमी माझ्याकडे बघून हसली म्हणे. मी पाहिलं नाही.

बाई दुपारी येऊन चिमीला सांभाळतात, बाटलीनं पाणी पाजतात. हिला तेवढीच झोप मिळते. मी म्हटलं, इतक्या लहान बाळाला वरचं पाणी नको. ही म्हणाली, त्या मोठ्या आहेत, त्यांना कोण सांगणार?

मंगळवार, १९

चिमीला जुलाब. पिवळं पाणी. दवाखान्यात नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पाजायला मीठ-साखरेची पुडी दिली, अंगावरचं दूध बंद करू नका, लघवी कमी झाली तर तडक परत या म्हणून बजावलं. डुकरांचा हा विषाणू माणसाला बाधत नाही, हे मी हिला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग कशानं झालं, असं तिनं विचारलं. मला ती बाटली आठवली. पुडी पाण्यात कालवत राहिलो.

चिमीची घाण दुपटी बाईंनी धुवायला नेली. सख्खी आई करणार नाही इतकं करतात, असं ही म्हणाली.

बुधवार, २०

बाईंनी मिक्सर परत मागितला. मी गरम पाण्यानं धुऊन नेऊन दिला.

बंगल्याचं मागचं दार उघडं होतं. सूनबाई नाक दाबून पेल्यातलं काहीतरी पीत होती. बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. अगदी मायेनं. ओट्याशेजारच्या बादलीत आमची दुपटी होती. धुतलेली नव्हती.

मला समजलं. लगेच समजलं. घरी आलो, जेवलो. हिला सांगायला हवं होतं. नुसतं दुपट्यावर भागतंय, असं मनाशी म्हटलं आणि झोपलो.

गुरुवार, २१

सकाळीच ठरवलं, इथून निघायचं. टेम्पोवाला संध्याकाळी येईन म्हणतो. चिमी बरीच सावरली आहे — दूध ओढते, ओठ ओले आहेत.

बाई पायरीवर बसल्या होत्या. देऊनही एखादीला काहीच झालं नाही, ती ठणठणीतच राहिली, तर तुम्ही काय करता, म्हणाल्या. मी चपला शोधत होतो. मग आतडं द्यायचं, म्हणालो. पिल्लू बरं व्हायच्या आत काढायचं. सवयीनं बोललो — तोंडातून निघून गेलं —

त्या बरं म्हणाल्या.

गुरुवार, दुपारी

शेडवरून आलो. ही झोपली आहे. गाढ. हलवलं तरी उठत नाही. उशाशी दुधाचा रिकामा पेला — बंगल्यातला.

पाळणा रिकामा.

चिठ्ठी नाही, काही नाही. बाईच घेऊन गेल्या असणार. हिला विश्रांती म्हणून. असंच असणार.

उठायला हवं. हात लिहितोय. पाय — भीती वाटायला हवी ना? वाटत नाही. पिल्लू निवडताना वाटतं तेवढंच —

हवालदार आलाय. दारातून सांगतोय. सूनबाईला पहाटेपासून उलट्या, जुलाब. सासूच्या धाकानं लपवलं होतं तिनं, आत्ता त्याच्याकडे रडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आण म्हणाली.

म्हणजे लागण झाली. झाली. दुपट्यांवरच झाली. आता कशाची गरज नाही — बाईंना सांग, म्हटलं, पळ, सांग त्यांना, झालंय —

आधीच हाका मारल्या, म्हणतो. ऐकू जात नाही त्यांना. स्वयंपाकघराचं दार आतून लावलंय आणि आत मिक्सर