आवाज न करणारा रिले आणि माझी भाची

मी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंदा ध्वनियंत्रे बनवणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोडीगुलाबीही केलेली नाही. धाकट्या भावाच्या आग्रहाने पूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे खालची कामाची खोली व वरच्या दोन खोल्या, माझ्या भाचीला, म्हणजे त्याच भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती मी पंचवीस वर्षे "उद्या" दुरुस्त करत आले आहे.

कलम २. हत्यारे व मीटर शेजारच्या घड्याळवाल्याला द्यावेत. बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडेच आहेत. नेताना "लगेच आणतो" म्हणाला होता.

कलम ३. भावाला दुकानाची पाटी द्यावी. फक्त पाटी. कारण लिहून ठेवणे भाग आहे.

ऐकण्याची तपासणी करणारी यंत्रे मी बनवायची आणि तो विकायचा. कानाला हेडफोन लावायचे, बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचे. सूर चालू-बंद करायला मी जुन्या पद्धतीचा रिले लावला होता. त्यात विजेने लोखंडी पट्टी हलते आणि 'टक्' वाजते. यंत्र टेबलावर, तपासायच्या माणसाचा हातही टेबलावर. अशी अकरा यंत्रे आम्ही विकली.

भाची पाच वर्षांची असताना हाक मारली तर वळत नसे. तपासली, तर पैकीच्या पैकी. सहाव्या वर्षी पुन्हा पैकीच्या पैकी. मग आम्ही सगळ्यांनी ठरवले की पोरगी हट्टी आहे. शाळेत ती बाकावर उभी राहिली, घरी बोलणी खाल्ली, आणि एकदा तीन हाकांना ओ दिली नाही म्हणून तिच्या गालावर चापट मारली, ती मी.

सातव्या वर्षी तपासताना हेडफोनची पिन निघालेली होती. कोणाच्याच लक्षात आले नाही. तरी पोरीने प्रत्येक सुराला बटण दाबले. मी टेबलावर हात ठेवून पाहिला, तेव्हा रिलेचे प्रत्येक 'टक्' बोटांना जाणवले. दोन वर्षे ती बोटांनी परीक्षा देत होती.

मग मी सॉलिड स्टेट रिले आणला. त्यात काही हलत नाही. आत बारीक दिवा लागतो आणि त्याच्या उजेडाने सिग्नलची वाट उघडते. घाईत पंपाच्या मोटारी चालवणारा रिले बसवला. तो मोटारीला वाट देतो, बारीक सुराला जुमानत नाही. त्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाई, दवाखान्याचा चौकीदार आणि मी, तिघेही ठार बहिरे ठरलो. नाजूक सिग्नलसाठीचा आणला, तर तो बंद असतानाही सूर थोडा झिरपायचा. शेवटी दुसरा रिले जोडला, जो झिरपलेला सूर परस्पर ग्राउंडला सोडून देतो, कानापर्यंत पोचू देत नाही. या सगळ्यात आठ महिने गेले.

भाऊ म्हणाला, "ताई, विकलेली यंत्रं परत मागवलीस तर नाव जाईल आपलं. कोण बघतंय?"

मी म्हटले, "तुझीच मुलगी बघतेय."

भागीदारी तिथेच संपली. सात यंत्रे मी एकटीने शोधून बदलून दिली. चार सापडली नाहीत. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही भावाकडे आहे. हरवली, असे तो म्हणतो. त्याने आयुष्यात साधी पावतीही हरवलेली नाही.

कलम ४. बँकेतली शिल्लक त्या चार यंत्रांचे रिले बदलण्यासाठी वापरावी. भावाने वही दिली, तर माझ्या मनातली अढी गेली असे समजावे.

~~कलम ५. तापात कान गेले, असे भाचीला आजवर सांगितले. ते खोटे आहे. दोष जन्मापासून होता. दोन वर्षे माझ्या यंत्राने खाल्ली. माझ्या पश्चात हा कागद मोठ्याने न वाचता तिच्या हातात द्यावा.~~

सहीपूर्वीची दुरुस्ती. कलम ५ मी स्वतः खोडले आहे. मेल्यावर कबुली देणे म्हणजे खोडी काढून पळून जाणे, असे वाटले. काल साक्षीदारांसमोर तिला बोलावून कागद पुढे ठेवला. तिने दोनदा वाचला.

"आत्या, सूर म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "टेबल टकटकलं की बटण दाबायचं, एवढंच कळलं होतं. दाबलं की तुम्ही सगळे इतके खूश व्हायचात!"

मी रडले. साक्षीदारांनी पाहिले आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. ती रडली नाही. उठली आणि चपला घालू लागली. मी खांद्याला हात लावून तिला माझ्याकडे वळवले आणि विचारले, "कुठे निघालीस?"

"बाबांकडे, वही मागायला. तुला ते पाठ फिरवून नाही म्हणू शकतात. मला नाही म्हणायचं, तर माझ्याकडे बघून, सावकाश, ओठ हलवून म्हणावं लागेल."

सबब कलम ४ ची अंमलबजावणी भाचीकडे राहील. तिच्या कामात कोणी आडवे येऊ नये.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: कानाच्या डॉक्टरीणबाई, निवृत्त
साक्षीदार २: दवाखान्याचा चौकीदार
ठिकाण: खालची कामाची खोली
तारीख: ९ फेब्रुवारी २०२३