दादाच्या छकड्याचे कठडे

कल्याण, माघ वद्य पंचमी

दादाच्या शर्यतीच्या छकड्याचे दोन्ही कठडे आज ठाण्याच्या कारखान्यातून रंगून आले. चकचकीत. दादा जाऊन तीन महिने झाले.

आधी इथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडेच नेले होते. तो म्हणाला, "बापू, दादांचा हात घासून उजव्या कठड्यावर खळगा पडलाय. भरू, की ठेवू?"

चारचौघांत रडू येईल म्हणून मी कठडे उचलले आणि ठाण्याला दिले. तिथे कोणी काही विचारले नाही, खळगा सरळ भरून टाकला. 'ठेवा' एवढेही का म्हणवले नाही माझ्याने?

संध्याकाळी वहिनी कठड्यावरून हात फिरवत राहिल्या. "भाऊजी, हाच ना उजवा?"

"नाही, तो डावा," मी खोटेच सांगितले.

त्या दुसऱ्या कठड्यावर खळगा शोधू लागल्या.