मुंगीचे मागचे पाय

ती. ताईंना तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (सध्या वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.) गुडघा कसा आहे? औषधं वेळेवर घेता ना? इकडे सगळे खुशाल. फक्त आम्ही तिघं मिळून एक मुंगी झालो आहोत.

सविस्तर सांगते. तुमच्या भावाने बँकेतली नोकरी सोडून ॲनिमेशन धरलं, तेव्हापासून बाबांनी पोटच्या पोराशी अबोला धरलाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (“मीठ दे म्हणावं त्याला,” हेसुद्धा माझ्यामार्फत.) नवी फिल्म अशी, की हवामान बिघडून जमीन पोळायला लागली तर मुंग्या काय करतील? तुमचा भाऊ म्हणतो, त्या आपापली सावली पाठीवर घेऊन निघतील. कल्पना गोड आहे हो, पण चाल काढण्याआधी ती स्वतः चालून कॅमेऱ्यात टिपावी लागते, आणि मुंगीला पाय सहा. आम्ही माणसं दोनच. मग मी बाबांना गळ घातली. बरेच आढेवेढे घेऊन ते पुढचे पाय व्हायला तयार झाले (मधले व्हायला साफ नकार).

पुढच्याने डावा उचलला की मधल्याने उजवा, मागच्याने परत डावा. एकमेकांची कंबर धरून, वाकून. सावली म्हणून वरून चादर. असे आम्ही जिन्याबाहेर चटके बसल्यासारखे चाललो होतो, तेवढ्यात बाबांचा पाय चुकला, तुमचा भाऊ त्यांच्यावर, मी त्याच्यावर, आणि अख्खी मुंगी वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या पायाशी. बाई किंचाळल्या, कोण आहे म्हणून. चादरीतून बाबांचा आवाज आला, “मुंगी आहे. माझा मुलगा फिल्म करतोय.” माझा मुलगा! ताई, मला चादरीतच रडू फुटलं.

तेव्हापासून दोघांच्या तोंडाला खळ नाही. पाय किती उचलावा यावर जेवण निवतं, आणि मला कुणी विचारत नाही. असो. तुमचा लोभ आहेच, तो माझ्या कंबरेवरही असू द्या.

तुमची भावजय
(मागचे पाय)

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की ती कंबर आता कामातून गेली. थोडे दिवस येऊन मागचे पाय व्हाल का? गुडघ्याची सबब नको. पोळलेली मुंगी हुबेहूब तुमच्यासारखी चालते, असं बाबांचं मत आहे.

आणखी एक : तशी घाई नाही. काम संपू नये म्हणून बाबा मुद्दाम चुकीचा पाय टाकतात. मी हे तुमच्या भावाच्या कानावर घालायला गेले, तर त्याने हळूच मला कॅमेरा दाखवला. तो केव्हाचा बंदच आहे.