डावा बूट, मग उजवा

सोमवार, ३
रुजू झालो. डुकरांचा डॉक्टर म्हटल्यावर बायकोने नाक मुरडलं. जेवायच्या आधी दोनदा आंघोळ, असं बजावलं. सहा शेड, चारशे डुकरं, आणि शेजारीच माझी खोली, हवेशीर. साथ मेंदूज्वराची आहे. वर्षानुवर्षं खाद्यातून औषधं चारली, त्यामुळे जंतू आता त्यांना भीक घालत नाहीत. मुकादम मात्र गुणी. सांगाल ते अक्षरशः करतो. थट्टा तेवढी कळत नाही त्याला.

बुधवार, ५
फळ्यावर नियम लिहिले. प्रत्येक शेडच्या दारात जंतुनाशकाची कुंडी: आधी डावा बूट बुडवायचा, मग उजवा. ताप, वाकडी मान, तोल जाणं दिसलं की पाठीवर लाल रंगाचा पट्टा आणि तासाभरात डोक्यात घण. दया केली तर सुक्याबरोबर ओलंही जळेल. मुकादमाने विचारलं, माणसाला झाला तर? मी हसत म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. त्याने मान डोलावली.

शनिवार, ८
एकोणीस मारली. मुकादम एका घावात कवटी फोडतो. एक डुकरीण मात्र दोन घाव खाऊनही उठली. मी तिला दाबून धरली, तर हातमोज्यासकट अंगठ्याला चावली. तिसऱ्या घावाला तिचा मेंदू माझ्या बाहीवर उडाला. जखमेबद्दल कोणाला बोललो नाही. डॉक्टरच चावून घेतो म्हणजे हसंच की.

सोमवार, १०
ताप आहे. कानांत शिट्टी वाजते. साथ आटोक्यात आली, फार्मच्या मालकीणबाई खूश. बरं होत आलेलं एक पिल्लू मी सोडा म्हणालो. मुकादमाने फळ्याकडे बोट दाखवलं आणि घण घातला.
चालताना दोनदा भिंत धरली. तो बघत होता.

मंगळवार, ११
ऐकू येत नाही. डुकरं नुसती तोंडं उघडतात. मान वळलीय ती सरळ होत नाही. मालकीणबाईंनी चिठ्ठी दिली: दवाखान्याची गाडी तासाभरात येतेय. जरा पडतो.

जाग आली. गादीला लाल लागलंय. रक्त नाही. शर्टाच्या पाठीवर — ओला पट्टा —

दारात कुंडी. सकाळी नव्हती.

मुकादम आलाय. घण घेऊन. रडतोय तो. मी ओरडतोय बहुतेक, घसा दुखतोय — गाडी येतेय, अरे गाडी —

डावा बूट बुडवला. आता उज