मलिकाचा डावा हात

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२२ जुलै १९८३

प्रिय मीना,

चौथीनंतर तुझ्या वडिलांची बदली झाली, त्याला सतरा वर्षं झाली. इतक्या काळाने लिहिताना आधी खुशाली विचारावी, पण माझं डोकं इतकं तापलंय की तेच आधी सांगते. माझी मलिका दुसरीत आहे. माझ्यासारखीच डावखुरी. यंदा तिच्या वर्गावर नव्या सुतारबाई आल्या आणि गेले आठ दिवस त्या मलिकाचा डावा हात तिच्याच वेणीच्या रिबिनीने पाठीमागे बांधून ठेवतात. उजव्या हाताने पान भरलं की सुटका. पोरगी एक वेणी सुटलेली घेऊन घरी येते. शेजारची मुलगी बाक सोडून गेली, का तर मलिकाजवळ बसलं तर आपलाही हात बांधतील! काल मलिकाने सांगून टाकलं, शाळेत जाणार नाही. आमचे हे म्हणतात, बाई शिकलेल्या हायत, त्यांस्नी कळतंय. काय कळतंय डोंबल!

मी कशी होते ते तुला आठवत असेल. लिहिताना ओल्या शाईवरून हात फिरायचा, वही काळी, मनगट काळं. कुठला हात तोंडाला लावते ते दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून डबा खायची. तू मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलंस, म्हणजे कोपराला कोपर लागेना. एवढी साधी गोष्ट एकाही मोठ्या माणसाला सुचली नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

आणि ती लेझीम! माझे हात उलटे पडायचे, सगळी रांग बिघडायची. मास्तरांनी मला बाहेर काढलं, तेव्हा चाळीस पोरींदेखत तू म्हणालीस, "सर, हिला आमच्या म्होरं उभी करा की, आमच्याकडं तोंड करून. आरशात बघितल्यागत हुतंय." मास्तर खेकसले, पण करून पाहिलं. ते समोर उभे राहून शिकवायचे तेव्हा त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला यायचा आणि निम्म्या पोरी गोंधळायच्या. माझ्याकडे बघून एकही चुकली नाही. पंधरा ऑगस्टला अख्ख्या शाळेसमोर मी म्होरकी. दुसऱ्या दिवशी डबा खायला माझ्याभोवती सहाजणी बसल्या. आज पेठेतली निम्मी झंपरं मी शिवते, कात्री डाव्या हातात धरून, कुणाच्या बापाला न भिता.

आज सकाळी त्या सुतारबाईंना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून शाळेत गेले. तुझं सासरचं नाव मला कुठून ठाऊक असणार? वर्गाच्या दारातून पाहिलं, तर फळ्यापाशी खडू घेऊन तू उभी होतीस. तशीच मागे फिरले. दुसरी कुणी असती तर भांडून मोकळी झाले असते, मीना. तू हे करावंस? तू? मलिकाला झोपवताना मी कितीदा त्या लेझमीची गोष्ट सांगितली आहे, आणि दर वेळी ती विचारते, मला कधी मिळेल गं अशी मैत्रीण? ती मीना म्हणजे तिच्याच बाई, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. सोमवारी तिला घेऊन येते. सांगू की नको, ते तू ठरव.

रागावलेली, तरी तुझीच,
शमशाद